चार नंबरचं दार

घर भाड्याने देणारा माणूस नळाला पाणी किती वाजता येतं, मोरी कुठे आहे, कपडे वाळत कुठे घालायचे, एवढं दाखवतो. आमच्या घरमालकांनी मला आधी घरामागचं वावर दाखवलं. तिथे कपाशीच्या ओळींमध्ये एका काठीला पिवळं नरसाळ्यासारखं काहीतरी बांधलेलं होतं आणि त्याखाली प्लॅस्टिकची लांब पिशवी लोंबत होती. पिशवीच्या तळाशी बारके, मळकट पतंग मरून पडले होते. "मोजा," ते म्हणाले. मी त्यांना ओळखत नव्हते, खोली अजून पाहिली नव्हती, हातात जड बॅग होती. तरी मोजले. पाच भरले.

"मी पाच सांगतले असते तं तुमी मानलं असतं ना?"

"हो."

"नाही मानाव. डोयानं पाहाव," ते म्हणाले आणि मग खोलीचं कुलूप उघडलं.

मी तेव्हा संग्रामपूरच्या एका ज्युनियर कॉलेजात संगणक शिकवायला नुकतीच लागले होते. मूळची मी साताऱ्याकडची, त्यामुळे पहिले काही महिने मला निम्मं बोलणं कळायचं आणि निम्मं मी अंदाजाने भरून काढायचे. गाव सातपुड्याच्या पायथ्याचं, कॉलेजपासून स्कूटीवर दहा मिनिटांचं. राहायला दुसरं काही मिळालं नाही म्हणून मी तिथे राहिले, आणि पुढची पावणेतीन वर्षं राहिले ती मात्र त्या माणसामुळे.

ते टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले होते. गाव त्यांना अजून लाइनमनच म्हणायचं. मी काका म्हणायचे. बायको आधीच गेलेली, एकुलती मुलगी नांदुऱ्याला दिलेली. खांबांवरच्या तारा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण त्यांची मान काही खाली आली नव्हती. चालताना वर बघायचे, त्यामुळे गावातली एकही गटार त्यांच्या पायातून सुटलेली नव्हती. शर्टाच्या खिशात पेन असावं तशी पक्कड. लग्नाला जातानासुद्धा पक्कड. एकदा एका लग्नात मांडवातला लाउडस्पीकर बंद पडला, तर नवरदेवाआधी यांनाच स्टेजवर चढवलं.

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा वेगळा होता. ते कुठलीही गोष्ट आपल्या तोंडाने सांगत नसत. तुम्ही विचारलंत, काका, किती वाजले, तर ते मनगट तुमच्या नाकासमोर धरायचे. बस गेली का विचारलं, तर म्हणायचे, "फाट्यावर जाऊन पाहाव." भाजीत मीठ झालंय का, तर चमचा पुढे. मला पहिल्यांदा हसू यायचं, मग चीड यायला लागली. सकाळी कॉलेजला उशीर होत असताना घड्याळ वाचायला लावणारा घरमालक कोणाला आवडेल? एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, तुम्ही सांगितलंत तर काय बिघडेल?"

"बिघडलं ना एकडाव," ते म्हणाले आणि पक्कड काढून कारण नसताना एक खिळा उपटायला लागले.

काय बिघडलं ते मला शेजारच्या भाईंनी सांगितलं. भाई पिंजारी. पुढच्या खोलीत कापूस पिंजायचं मशीन, मागे घर. गाद्या, उशा, रजया. दोन्ही घरांच्या मधे कमरेएवढी भिंत होती आणि त्या भिंतीवर दोघं म्हातारे कोपरं टेकून रोज भांडायचे. भांडणाला विषय लागायचा नाही. थंडी पडली की भाईंकडून रजई यायची, आणि काका ती "वजनात कमी हाये" म्हणून परत पाठवायचे, मग भाई स्वतः येऊन ती त्यांच्या अंगावर टाकायचे. हे तीस वर्षं चाललं होतं म्हणे. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं की भाभी आणि दोन्ही सुना आत गादीवर बसून रजयांना टाके घालायच्या. तेवढा वेळ पुरुष गिऱ्हाइकाने बाहेरूनच हाक मारायची, अशी पद्धत होती. काकासुद्धा त्या वेळी भिंतीकडे पाठ करून बसायचे.

भाईंनी सांगितलं ते असं. बीटीचं बियाणं नवं आलं तेव्हा गावात पहिल्यांदा काकांनी लावलं. बोंडं अशी लागली की लोक वावर बघायला यायचे. काकांनी तेव्हा पारावर उभं राहून सांगितलं, या कपाशीले अयी लागतच नाही, माही हमी. बियाण्याच्या थैलीत एक छोटी वेगळी पुडी येई, साध्या कपाशीची. ती वावराच्या कडेने लावायची असते; अळीला तिथे खायला मिळालं तर ती बीटीला सरावत नाही. काका म्हणाले, "कायले जागा वाया घालता? फेका ते पुडकं." गावाने फेकलं. वर्षानुवर्षं फेकलं. माणसाचा शब्द होता ना!

"पूरे गाँव ने फेंका, बेटी," भाई म्हणाले. "अकेले उसने थोडी फेंका. जिल्हेभर में सब ने फेंका. पर ये पागल समझता है, इल्ली इसके कहने से आई."

मग गुलाबी बोंडअळी आली. बोंड वरून धडधाकट, हिरवंगार. फोडलं की आत अळी. एक वर्ष तर गावाने उभ्या कपाशीत ढोरं सोडली. काकांच्या समोर कोणी काही बोललं नाही, आणि तेच त्यांना लागलं. त्यांनी मग वावरात तो सापळा लावला. आत मादीच्या वासाची एक गोळी असते, तिच्या नादाने नर पतंग येऊन पिशवीत पडतात. सलग तीन दिवस आठ-आठ पतंग सापडले की फवारणीची वेळ आली असं समजायचं, आधी फवारून उपयोग नाही आणि उशीर झाला तर अळी बोंडात शिरलेली असते. काका रोज सकाळी आकडा फाट्यावरच्या पाटीवर खडूने लिहू लागले. कोणीतरी खाली लिहिलं, 'हमी कोणाची?' त्या दिवसापासून त्यांनी पाटीला हात लावला नाही.

हे कळल्यावर मी स्वतःहून म्हटलं, "काका, सापळ्यासमोर कॅमेरा लावू. लोक आपापल्या मोबाइलवर पतंग मोजतील. तुम्हाला काही सांगायलाच नको."

काकांनी आधी वावराकडे पाहिलं, नंतर घराकडे. मग म्हणाले, "असं होते?"

"होतं."

"मंग आजच करू."

खामगावहून कॅमेरा आणला. त्यांनी जुन्या टेलिफोनच्या खांबांवर चढण्याच्या ऐटीत वावरापासून घरापर्यंत वायर ओढली. घरात बसून कॅमेरा दिसायला लागला, पण फाट्यावरून दिसेना. याचं कारण राउटर. राउटर भाईंच्या घरात होता आणि आम्ही तिन्ही बिऱ्हाडं त्याच्यावरच होतो. बाहेरून येणाऱ्याला राउटरचा पत्ता सापडतो, पण आतल्या कुठल्या यंत्राकडे जायचं ते राउटरला ठाऊक नसतं, म्हणून तो हाकलून देतो. मी काकांना समजावलं: घराला एकच दार आहे आणि आत चार जण राहतात. मी राउटरला सांगून ठेवलंय की बाहेरून कोणी सापळा म्हणून आलं तर त्याला चार नंबरकडे पाठव. भाईंचा टीव्हीचा डबा एक नंबर, माझा कॉम्प्युटर दोन, तुमचा जुना कॉम्प्युटर तीन आणि कॅमेरा चार.

"म्हंजे एक्स्चेंज!" काका म्हणाले. त्यांना आयुष्यात इतकं नीट कोणी काही समजावलं नव्हतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. मी फुशारले.

अडचण एकच निघाली. पिंजाऱ्याच्या घरात कापूस भरलेला. एक ठिणगी पुरे. म्हणून भाई दुकान सोडून नमाजला किंवा कुठेही निघाले की मेन स्विच बंद करून जायचे. ती त्यांच्या बापाच्या वेळची शिस्त. त्याबरोबर राउटर झोपायचा. परत आल्यावर तो जागा झाला की आधीचे नंबर साफ विसरायचा आणि जो आधी दार वाजवेल त्याला एक, मग दोन, असे नव्याने वाटायचा. कधी कॅमेरा दोन व्हायचा, कधी तीन, आणि बाहेरचं दार चारवरच उघडायचं.

यावर मी काकांना सांगितलं, सगळ्यांनी आपापली वायर काढायची आणि क्रमाने लावायची. मी गमतीने बोलले होते. त्यांनी ते व्रत घेतलं. भाई नमाजहून आले की काका भिंतीपाशी उभे.

"भाई, एक?"

"चालू!"

"मॅडम, दोन?"

"चालू!"

"तीन मीच. चार... लावला!"

मी कॉलेजात असले तर माझ्या खोलीची दुसरी किल्ली घेऊन ते माझा कॉम्प्युटर स्वतः लावायचे आणि माझ्या वतीने "चालू!" असं ओरडायचे. भाई म्हणायचे, "अज़ान के बाद इसकी अज़ान." गावातले लोक ही हजेरी ऐकायला थांबत, आणि मग खिशातून मोबाइल काढून पतंग मोजत. त्या दोन हंगामांत आमच्या गावची फवारणी वेळेवर झाली. काकांना कोणी शाबासकी दिली नाही, पण भिंतीवर टेकून मोबाइल बघणारे लोक त्यांना दिसायचे, आणि ते मनगट पुढे करण्याऐवजी एक-दोनदा चक्क तोंडाने "साडेनऊ" म्हणाल्याचं मी ऐकलंय.

आता जे सांगायचंय ते सांगते. कॅमेऱ्याला चार नंबर कायमचा बांधून देता येतो. राउटरमध्ये जाऊन एक ओळ भरायची, दोन मिनिटांचं काम. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आधी विसरले, मग ती हजेरी ऐकायला मजा वाटायला लागली, मग वाटलं, करू कधीतरी. राउटरचा पासवर्ड माझ्याकडेच होता आणि कुठूनही आत शिरता यावं म्हणून राउटरचं स्वतःचं दारही मी माझ्यापुरतं बाहेरून उघडं ठेवलं होतं. म्हणजे मी जगात कुठेही असते तरी ते काम दोन मिनिटांचंच होतं.

मला पुण्याच्या कॉलेजात नोकरी लागली आणि मी निघाले. सामान टेंपोत भरताना काकांनी माझा कॉम्प्युटर स्वतः उचलून ठेवला. दोन नंबर आपल्याबरोबर निघाला आहे, हे त्यांनाही सुचलं नाही आणि मलाही.

आठवड्याने फोन आला. "पोरी, सापया दिसून नाही राह्यला. हजेरी घेतो मी, पन तीनावरच संपते."

मला त्याच क्षणी कळलं. "रविवारी बघते, काका," मी म्हटलं.

त्या रविवारी मी पडदे घ्यायला गेले. पुढच्या रविवारी कोणी आलं होतं. तिसऱ्या रविवारी काय होतं ते आठवतसुद्धा नाही, इतकं ते महत्त्वाचं होतं. काका दर सोमवारी फोन करायचे, तक्रार म्हणून नाही. "तुले सवड झाली का?" एवढंच. कपाशीला पात्या, म्हणजे कळ्या, लागून गेल्या होत्या, बोंडं धरायला लागली होती, आणि मला ते दिवस मोजता येत होते.

मग एका मंगळवारी भर दुपारी, माझा तास चालू असताना, फोन. आवाजात नुसता आनंद. "चालू झालं, पोरी! फाट्यावरचे लोक म्हनून राह्यले, दार उघडलं, पांढरं पांढरं कायतरी दिसते. तूच केलं ना?"

समोर पन्नास मुलं बसली होती. मी काहीही केलेलं नव्हतं. मी म्हटलं, "हो काका. मीच केलं."

"तुमी पाहाव, मॅडमनं केलं!" ते फोन कानाला असतानाच कोणालातरी ओरडले. मी फोन ठेवला आणि फळ्याकडे वळले. वाटलं, आपोआप झालं तर बरंच झालं. मोबाइलवर सापळ्याचं पान उघडून बघायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

पाच दिवसांनी पुन्हा फोन आला. या वेळी आवाज सपाट. "राउटरचा डबा काढून टाकला, पोरी. आता तू नको पाहू काही." मी कारण विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. पुढे दिवाळीला एक-दोनदा बोलणं झालं, मग तेही राहिलं.

तीन वर्षांनी बारावीच्या प्रॅक्टिकलला बहिःस्थ परीक्षक म्हणून मला संग्रामपूर मिळालं. परीक्षा आटोपून मी गावात गेले. काका अंगणात खुर्चीवर बसले होते. पक्कड खिशातच होती, पण मान आता वर नव्हती. मधली भिंत डोक्याच्या वर गेली होती, नव्या विटांची, गिलावा न केलेली. पलीकडे मशीनचा आवाज नव्हता.

चहा त्यांनी स्वतः केला. साखर विचारली नाही, चमचाही पुढे केला नाही. मी भिंतीकडे बघत होते म्हणून ते आपणच बोलायला लागले. मी गेल्यावर भाईंचे गुडघे पार गेले होते. आतल्या खाटेवर पडून दुकानात कोण आलं ते दिसावं म्हणून त्यांनी काकांनाच एक कॅमेरा लावून मागितला. काकांनी सापळ्यासारखाच कॅमेरा आणला आणि मी शिकवलं होतं तसाच्या तसा लावला, पासवर्डशिवाय, कारण मी सापळ्याला पासवर्ड ठेवला नव्हता. माझा कॉम्प्युटर गेल्यामुळे सापळा तीन नंबरवर सरकला होता. भाईंचा कॅमेरा हजेरीत शेवटी आला.

"चार," काका म्हणाले.

पांढरं पांढरं म्हणजे पिंजलेला कापूस होता. आणि दुपारी त्या कापसात भाभी आणि सुना टाके घालत बसायच्या. पाच दिवस फाट्यावरचे लोक ते बघत होते. पतंग शोधायला उघडायचे आणि मग बघतच बसायचे. शेवटी कोणीतरी भाईंच्याच तोंडावर म्हणालं, धाकट्या सुनेचा हात भारी साफ आहे टाक्यात.

"भाई काठी टेकत आला हितं," काका म्हणाले. "मले म्हने, तूनं देखा था क्या, क्या दिख रहा है? मी म्हनलं, नाही पाह्यलं. तो म्हने, सारी जिंदगी लोगों को बोलता रहा, आँख से देखो. मेरे घर की बात आई तो तूनं नहीं देखा? मी काय बोलू?"

"मग?"

"मंग काय. वायर तोडली त्यानं. भित बांधली. त्या साली अयी आली तं मी घरोघरी जाऊन सांगत होतो, आठ झाले, फवारा. लोक हासत. म्हनत, लाइनमन, आता कोनाच्या घरातले मोजले?"

मी कप खाली ठेवला. तीन वर्षांत मी स्वतःलाही जे सांगितलं नव्हतं ते बोलून टाकलं. "काका, त्या दिवशी मी खोटं बोलले. मी काहीच केलं नव्हतं. नंबर बांधायचं काम दोन मिनिटांचं होतं, ते मी कधीच केलं नाही. तुम्ही विचारलंत आणि मी हो म्हटलं."

"माहीत हाये."

"केव्हापासून?"

"बुलढान्याच्या दुकानवाल्यानं राउटरचा डबा उघडून दाखवला मले. म्हने, यात कोनी काही केलंच नाही, जसं होतं तसंच हाये."

"मग भाईंना का नाही सांगितलंत? माझं नाव घ्यायचं होतं. ते तुम्हाला दोष देत राहिले."

काकांनी रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मी सांगतलं असतं तं ते माह्यंच सांगनं झालं असतं ना. माह्या सांगन्यावर एकडाव सारं गाव बसलं." त्यांनी नव्या विटांकडे बोट केलं. "म्हनलं, तू येशीन. येऊन त्याच्यासमोर बोलशीन. तुह्या तोंडून आयकलं असतं तं त्यानं मानलं असतं. मागच्या हिवायात गेला तो. शेवटचे आठ महिने तं खाटेवरून उठलाच नाही. मी रोज वाट पाहून राह्यलो होतो."

"एक फोन करायचा होता, काका."

"फोन करून काय सांगू? खोटं बोलली म्हनून? तुले माहीत होतंच."

मी बसच्या वेळेपर्यंत तिथे बसले. भाभींना भेटायला जाऊ का विचारलं, तर ते म्हणाले, घर विकून त्या धाड गावी लेकीकडे गेल्या. निघताना मी त्यांच्या पाया पडले आणि त्यांनी मला बस फाट्यावरून किती वाजता सुटते ते नीट तोंडाने सांगितलं.

एक गोष्ट मात्र मी त्यांना त्या दिवशीही सांगू शकले नाही. भाई खाटेवर होते त्या आठ महिन्यांत मी दोनदा शेगावला येऊन गेले होते. मधे माझं लग्न झालं होतं आणि सासूबाईंना दर्शन घ्यायचं होतं. दोन्ही वेळा आम्ही दिवसभर थांबलो, कचोरी खाल्ली, आणि शेगावहून संग्रामपूरला जाणारी एस.टी. दोन्ही वेळा माझ्या डोळ्यांसमोरून गेली.